मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीत घालून न्यायचाय? चढवायचा कसा, बांधायचा कुठं, कागद कुठले (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या मंडळींसाठी)

आपल्याकडं मिनी ट्रॅक्टर आता गावोगाव दिसतात. निपाणी-चिकोडीकडं उसाच्या सरीत भर लावायला, खानापूरकडं लहान खाचरात चिखल करायला मोठा ट्रॅक्टर वळतच नाही म्हणून लोक हे घेतात, आणि बरेच जण कोल्हापूर-सांगलीकडनं जुनाच बघून आणतात. घेतला की पहिला प्रश्न, गावापर्यंत आणायचा कसा. हायवेवर चालवत आणायचा म्हटलं तर मागनं ट्रक, बस, ट्रॅव्हल्स सुसाट येत असतात आणि हे वाहन रांगत असतंय, त्यामुळं ट्रॉलीत नाहीतर पिकअपमध्ये घालून आणणंच बरं. पण होतंय काय, चढवायला चार जण धावून येतात आणि बांधायची वेळ आली की कुणीतरी नायलॉनची दोरी सीटवरनं, मडगार्डवरनं चार वेढे टाकतो, "हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये आहे, कुठं जातोय" म्हणतो आणि गाडी सुटते.

इथंच चुकतंय बघा. हँडब्रेक आणि गिअर फक्त चाक फिरू देत नाहीत, ट्रॅक्टरला ट्रॉलीला धरून ठेवत नाहीत. स्पीडब्रेकरवर अख्खा ट्रॅक्टर चाकांसकट उडतो आणि दोन बोटं बाजूला जाऊन बसतो, आणि असं गावागणिक होत गेलं की फाळक्याला (ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्याला) टेकतो. त्याला धरून ठेवतो तो फक्त पट्टा नाहीतर साखळी, म्हणून खाली सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिलंय.

आधी हे सामान गोळा करा

- ५० मिमी रुंदीचे रॅचेट पट्टे (हँडल मारून ताणायचे), ट्रॅक्टरला चार आणि मागं अवजार असेल तर त्याला एक-दोन वेगळे
- पट्टे नसतील तर ८ मिमीची ग्रेड ८० साखळी आणि ती ताणायला चेन बाइंडर
- चाकाला लावायला लाकडी ठोकळे, निदान चार
- रॅम्प, किंवा चढवायला धक्का/उंच बांध
- ट्रॉलीच्या मागच्या बाजूला टेकू द्यायला जॅक किंवा भक्कम ओंडका
- कडेवर घालायला जुन्या टायरट्यूबचे तुकडे
- खडू, टॉर्च, हातमोजे, लाल कापड, रिफ्लेक्टर

पट्टा घेताना दुकानदार "पाच टनी आहे" म्हणतो. ते पाच टन म्हणजे पट्टा तुटायचा आकडा असतो बहुतेक वेळा, रोज वापरायचा आकडा त्याच्या निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा धरायचा. चांगल्या पट्ट्याला निळं लेबल शिवलेलं असतं आणि त्यावर एलसी म्हणून (पट्ट्याची बांधायची ताकद) आकडा असतो तो वापरायचा. त्यापुढं डीएएन लिहिलेलं असतं, एक डीएएन म्हणजे साधारण एक किलो धरा. लेबलच नसेल तर तो पट्टा मोटारसायकल बांधायला ठेवा. २५ मिमीचा बारीक पट्टा ट्रॅक्टरला चालत नाही, दोन घेतले तरी नको. आणि साखळी विहिरीवरची किंवा फाटकाची असली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, ग्रेडच्या साखळीच्या कड्यावर ८ किंवा ८० असा ठसा असतो तो बघून घ्या.

१. वजन करून घ्या

मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते १००० किलोच्या आसपास असतात, मॉडेलप्रमाणं बदलतंय. पण पुस्तकात लिहिलेलं वजन आणि तुमच्या ट्रॅक्टरचं वजन एक नसतं कारण मागं रोटाव्हेटर असतो, पुढं वजनाच्या प्लेटा असतात, काहींनी मागच्या टायरात पाणी भरलेलं असतंय. साखर कारखान्याजवळ नाहीतर गावाबाहेर कुठंही वजनकाटा मिळतो, तिथं एकदा काटा करून पावती खिशात ठेवा, पुढं कामाला येते.

हे वजन लागतंय दोन कामांना. एक, गाडी निवडायला. छोटा हत्ती म्हणतो ती टाटा एस साधारण पाऊण टनाची गाडी, त्यात रोटाव्हेटरसकट ट्रॅक्टर घालणं म्हणजे ओव्हरलोड, दीड टनाचा पिकअप ठीक आहे. दुसरं, पट्टा किती ताकदीचा पाहिजे ते काढायला. माल बांधायचा युरोपातला जो नियम आहे त्यात पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागं ०.५ पट जोर येईल असं धरतात. म्हणजे ८०० किलोचा ट्रॅक्टर असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पुढं ६४० किलोचा जोर आणि वळणावर बाजूला ४०० किलोचा. शिवाय पट्टा तिरका असतो म्हणून त्याची सगळी ताकद एकाच दिशेला मिळत नाही, निम्मीच मिळाली असं समजून चला. एलसी २००० च्या वरचे चार पट्टे असले तर आपल्या मिनीला भरपूर झालं.

२. ट्रॉली बघून घ्या

तळाचा पत्रा गंजून भोकं पडलेत का, आणि पट्ट्याचा हूक अडकवायची जागा चेसिसच्या चॅनेलला आहे का हे वाकून बघायचं. फाळक्याला वेल्ड केलेल्या गजाच्या कड्या ताडपत्री बांधायला असतात, ट्रॅक्टरच्या हिसक्याला त्या उघडतात. कड्या नसतील तर वेल्डरकडनं चॅनेललाच चार भक्कम कड्या मारून घ्या, एकदाचं काम आहे.

टायरात हवा, चाकाचे नट, मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर हे बघा. ट्रॉली डंपिंगची असेल तर वाटेत उचलायच्या लिव्हरला कुणाचा हात, पाय लागणार नाही याची सोय करा.

जोडणी मोठ्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच. वरच्या टॉपलिंकच्या जागी जोडून ओढलं की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतंय. पिनला खालून क्लिप पाहिजेच, खिळा वाकवून घातलेला चालणार नाही.

३. चढवणं

सगळ्यात जास्त घात इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, दोन चाकी ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडूनच चढवायचं. नुसती स्टँडवर उभी केलेली असली आणि मिनीचं वजन मागच्या टोकावर आलं की ट्रॉली मागं बसते, पुढची दांडी वर उडते, तिथं कोण उभा असेल त्याला लागते. जोडलेली असली तरी मागच्या टोकाखाली जॅक किंवा ओंडक्याचा टेकू द्या. मोठ्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक आणि ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे, दोन्ही.

दुसरी, रॅम्पची लांबी. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून मीटरभर उंच असतो, त्याला चार-पाच फुटी फळ्या लावल्या की चढ भिंतीसारखा होतो. निदान दहा-बारा फुटी लोखंडी रॅम्प पाहिजे, आणि तो वरच्या टोकाला ट्रॉलीला हूक किंवा साखळीनं अडकवलेला पाहिजे नाहीतर चाक चढताना रॅम्प मागं ढकलला जातो. आपल्याकडं यापेक्षा सोपा उपाय म्हणजे उंच बांध नाहीतर माल चढवायचा धक्का बघायचा, ट्रॉली मागं घेऊन लावायची, उंची जवळपास जुळली की रॅम्प आखूड असला तरी चालतो.

तिसरी, तोंड कुठं. ट्रॅक्टरचं जड अंग मागं असतंय, आणि चढावर जड अंग वरच्या बाजूला पाहिजे. सरळ तोंडानं तीव्र चढावर चढवायला गेलं की पुढचं उचलतं आणि उलटा मागं पडतो, रोटाव्हेटर लावलेला असेल तर जास्तच. म्हणून रिव्हर्समध्ये चढवा. दोन चाकी ट्रॉलीत याचा आणखी एक फायदा, जड बाजू ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला येते. वजन ट्रॉलीच्या चाकांच्या थोडं पुढं पडायला पाहिजे, मागं पडलं की दांडी हलकी होऊन वाटेत ट्रॉली शेपूट हलवायला लागते.

चौथी, ब्रेकचं पेडल. ट्रॅक्टरला उजवा-डावा ब्रेक वेगळा असतो, शेतात वळताना एकच दाबतो आपण. त्या दोन पेडलांना जोडणारी एक छोटी पट्टी असते, ती बाजूला पडलेली असते बहुतेकांची, चिखलानं भरलेली. रॅम्पवर जायच्या आधी ती साफ करून दोन्ही पेडलं एकत्र अडकवायची आणि पायानं दाबून बघायचं की दोन्ही सोबत खाली जातात का. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर रॅम्पवर फिरतो आणि सरळ खाली. शोरूमवाला हे सांगतोच असं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलंय.

मग सगळ्यात हळू गिअर, फोरव्हील असेल तर ते घालून, एका दमात वर. मधे क्लच दाबायचा नाही, क्लच दाबला की इंजिनचा धरबंध सुटतो आणि ट्रॅक्टर आपला आपला घरंगळतो. चालवणारा सोडून रॅम्पच्या जवळ कुणी उभं राहायचं नाही, इशारा करणारा लांबून, बाजूनं. पाऊस पडून रॅम्प ओला असेल किंवा टायर चिखलानं माखलेले असतील तर धुऊन, पुसून मगच.

४. उभा केल्यावर

रोटाव्हेटर किंवा पलटी खाली टेकवा, खाली लाकूड घालून. हायड्रॉलिकवर उचललेलं ठेवलं की वाटेत आपोआप खाली येतंय आणि सगळे पट्टे ढिले पडतात. मग गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली खिशात. चारही चाकांना ठोकळे. बॉनेटला वरनं एक बारीक पट्टा टाका, उलटं चढवलेलं असलं की वारा भलत्या बाजूनं घुसतो. सायलेन्सर उभा असेल तर तोंडाला डबा किंवा टेप. रोलबार (सीटमागची उभी लोखंडी कमान) दुमडता येत असेल तर दुमडा, आणि मग जमिनीपासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंत उंची टेपनं मोजून घ्या. गावातल्या गल्लीत लोंबणाऱ्या वायरी आणि रेल्वेखालचे बोगदे, दोन्हीकडं हा आकडा लागतो.

५. बांधायचं कुठं

चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र पट्टे. एकच लांब पट्टा फिरवून चारही ठिकाणी अडकवला तर एका जागी सुटला की सगळंच सुटलं.

पुढं: पुढच्या अॅक्सलचा मधला भाग, किंवा वजनाच्या प्लेटा लावायचं जे ब्रॅकेट चेसिसला बोल्टनं धरलेलं असतं ते. मागं: मागच्या अॅक्सलचं जाड हाउसिंग किंवा ड्रॉबारचं ब्रॅकेट.

कुठं नाही: स्टिअरिंगचा टाय रॉड, मडगार्ड, सीट, रोलबार, पायरी, लाइटचा गज, हायड्रॉलिकचे पाइप, आणि अवजार जोडायचे मागचे तीन लिंक. लिंक तर हलत्या असतात, त्यांना बांधलं म्हणजे काहीच बांधलं नाही. टाय रॉडला पट्टा ओढला की रॉड वाकतो आणि मग टायर एका बाजूनं झिजायला लागले की कारण कळत नाही.

पुढचे दोन पट्टे ट्रॅक्टरपासून बाहेर आणि त्याच्या तोंडाच्या बाजूला, मागचे दोन बाहेर आणि त्याच्या पाठीच्या बाजूला ओढलेले पाहिजेत, म्हणजे चौघे चार दिशांना ताणतात. वरनं खाली येताना तळाशी कोन ३० ते ४५ अंशांच्या मधे ठेवा. पट्टा उभाच लावला तर पुढं-मागं सरकणं थांबत नाही, फार आडवा लावला तर खाली दाब बसत नाही.

अवजाराला वेगळा पट्टा. ट्रॅक्टर बांधलाय म्हणून रोटाव्हेटर आपोआप बांधला जात नाही, तो लिंकवर डावी-उजवीकडं झोके घेतो.

६. रॅचेट ताणायची पद्धत

पट्ट्याचं मोकळं टोक रॅचेटच्या फटीतनं घालून आधी हातानं जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या आणि मग हँडल मारायला लागा. नव्या माणसाकडनं होतं असं की ढिला पट्टा घालून तो हँडलच मारत बसतो, फिरकीवर पट्ट्याचा गठ्ठा होतो आणि पुरता ताणायच्या आधीच रॅचेट अडकतो. फिरकीवर दोन ते तीन वेढे बसले पाहिजेत. एकापेक्षा कमी असेल तर पट्टा सरकतो.

हँडलला पाइप घालून ताणू नका, हातानं ताणलेलं पुरतंय. ट्रॅक्टर हवेच्या टायरवर उभा असतो, म्हणून टायर थोडा खाली दबलेला दिसेपर्यंत ताणायचं. हे का? ढिला ठेवला की लांब दाव्याला बांधलेलं जनावर धाव घेऊन दाव्याला हिसका मारतं तसा ट्रॅक्टर पट्ट्याला हिसका मारतो, आणि पट्टे हिसक्यानंच तुटतात. चारही थोडे थोडे आळीपाळीनं ताणा. एकच आधी पूर्ण ताणला तर ट्रॅक्टर तिकडं ओढला जातो.

हँडल पूर्ण आडवं बंद करा, उरलेलं टोक गुंडाळून बांधा, लोंबत ठेवलं तर ते ट्रॉलीच्या चाकात जातंय. पट्ट्याला गाठ कधीच मारायची नाही, गाठ मारली की ताकद निम्म्यानं कमी होते. जिथं पट्टा लोखंडाच्या कडेवरनं जातो तिथं ट्यूबचा तुकडा, आणि सायलेन्सर गरम असतो त्याच्यापासून लांब. साखळीचा हूक कड्यात पूर्ण बसवा, नुसतं टोक अडकवू नका, आणि बाइंडरचा दांडा बंद करताना तोंड त्याच्या वाटेत ठेवू नका, सुटला तर जबडा फोडतो.

शेवटी खडू घ्या आणि चारही टायरच्या कडेनं ट्रॉलीच्या तळावर रेघ मारा. वाटेत थांबल्यावर बघायचं, टायर रेघेवर आहे की सरकलाय. अंदाज करत बसावं लागत नाही.

७. रस्त्यात

निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबा. पट्टे बसतात, टायर बसतात, पहिला ढिलेपणा इथंच येतो. परत ताणा. मग घाटाच्या आधी आणि घाट संपल्यावर, आणि मधे दर ५० किलोमीटरला.

कोल्हापूरकडनं येत असाल तर कागल, कोगनोळी टोलनाका, निपाणी आणि मग तवंदी घाट. घाटाच्या आधी निपाणीजवळच थांबून एकदा हात फिरवून घ्या. शेतीच्या ट्रॉलीला सहसा ब्रेक नसतात, सगळं मोठ्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर असतं, म्हणून उतारावर आधीच खालचा गिअर टाकायचा आणि उतरेपर्यंत तोच. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला गेलं की ट्रॉली मागनं ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चोर्ला घाटातनं गोव्याकडं न्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ट्रॉलीतनं नको, पिकअपनं न्या, वळणं तशी आहेत.

गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, रात्री त्यांच्या मागं लाइट असेलच असं नाही. शक्यतो दिवसा उजेडी न्या. आणि ट्रॉलीत माणूस बसवू नका, "पट्ट्यावर लक्ष ठेवतो" म्हणून कुणीतरी पोरगं बसतंच. काही सुटलं तर सगळ्यात आधी तेच दबतंय, आणि मालाच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला इन्शुरन्स मिळताना नाकी नऊ येतात.

८. कागद

ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं किंवा पिकअपचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन, ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन. हे झालं नेणाऱ्या गाडीचं. आत जो मिनी आहे त्याचेही कागद सोबत पाहिजेत, कारण अडवल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, हा कुणाचा.

- शोरूममधनं नवा असेल तर बिल, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला), इन्शुरन्स आणि तात्पुरतं रजिस्ट्रेशन. राज्य ओलांडून ५० हजारांवरचा माल येतोय म्हणून ई-वे बिलही शोरूमकडनं मागून घ्या.
- जुना असेल आणि एमएच ०९ सारखी महाराष्ट्राची पासिंग असेल तर मूळ आरसी, फॉर्म २८ म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, नाव बदलायचे सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा उतरवायचा बँकेचा फॉर्म ३५, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. एनओसी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, एकदा पैसे दिले की मग फोन उचलत नाहीत लोक.

दुसऱ्या राज्यातलं वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवलं तर इथला नंबर घ्यावा लागतो, बेळगाव, खानापूरवाल्यांना केए २२, चिकोडी-निपाणीकडं केए २३, गोकाकला केए ४९, बैलहोंगलला केए २४. चेसिस नंबर कागदाशी जुळतोय का हे ट्रॉलीत चढवायच्या आधी बघा, एकदा बांधला की वाकून वाचता येत नाही.

आणखी एक, शेजाऱ्याची शेतीसाठी पासिंग असलेली ट्रॉली भाडं देऊन नेत असाल तर विचार करा. शेतीच्या वापराचा इन्शुरन्स असतो, भाड्यानं माल नेताना अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. भाडंच द्यायचंय तर मालवाहतुकीचा पिकअप घ्या. पोलिसांनी अडवलं तर कन्नड येत नसलं तरी घाबरायचं कारण नाही, कागद एका फाइलमध्ये क्रमानं लावलेले असले आणि "साहेब, नमस्कार" म्हणून पुढं केले की बोलायची गरज फारशी पडत नाही.

९. उतरवणं

पोचल्यावर घाई होते, पूजा करायची असते, नारळ घेऊन घरातले उभे असतात. सगळ्यांना आधी लांब करा. ट्रॉली सपाट जागेवर, मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच, मागं परत टेकू. ठोकळे काढायच्या आधी पट्टे सोडा, आणि सोडायच्या आधी मिनीचा हँडब्रेक लागलेला आहे ना हे बघा, कारण ताण सुटला की टायर वर येतात आणि ट्रॅक्टर एकदम हलतो. रॅचेट हळू सोडा, हँडलच्या बोटभर जागेत हात अडकतो.

रिव्हर्समध्ये चढवलेला असल्यामुळं आता तोंड खाली आहे, जड अंग वर आहे, तसाच पहिल्या गिअरमध्ये सरळ उतरवायचा. ब्रेकची पेडलं जोडलेलीच, पाय क्लचवरनं लांब.

उतरवल्यावर पट्टे पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, गुंडाळून पोत्यात ठेवा. बॅटरीचं पाणी किंवा रोजचं ऊन लागलं की धागा कुजतो, वरनं दिसत नाही. कडेला चीर पडली असेल, शिवण उसवली असेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर त्या पट्ट्याचे कात्रीनं दोन तुकडे करा, नाहीतर तो पुढच्या वेळी कुणाच्यातरी हाती लागून परत ट्रॅक्टरलाच बांधला जातोय.